समोरच्या दारावरची पाटी

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांचा जीव घेतला. सोलापूरच्या बाजूने आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या. तुम्ही कोण, कुठले, हे शांतपणे विचारायला दोन मिनिटे लागली असती! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. नाहीतर अजाणतेपणी कुणाचे तरी नुकसान करून मागाहून पस्तावायची पाळी येते. तेराव्या आयतीत सांगितले आहे की माणसांची कुळे आणि जमाती झाल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. आम्हाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. ओळखच नसेल तर शहानिशा करायला फोन कुणाला लावणार?

ओळख असली की काय घडते, तेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. 2023 मध्ये 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. अनेक गावांतील मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानीसाठी ईदनंतरचे दिवसही असतातच, त्यामुळे धर्माला कुठे बाध आला नाही. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली, तेव्हा मुंबईत मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्यात आला.

असे योग क्वचित येतात. इमारतीचा जिना मात्र रोजचा आहे. ईदला चंद्रकोरीचे एकच चित्र पन्नास जणांना पाठवले जाते आणि समोरच्या दारावरची पाटी वाचायची राहून जाते. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितले होते की रस्सा करताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांकडे पोहोचवावा. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या ज्यू शेजाऱ्याकडे वाटा गेला का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले.

शेजारी शाकाहारी असतील तर शीरखुर्मा आहे. काही घरांत आपल्या घरचे शिजवलेले चालत नाही, हे आपल्या भगिनींना चांगले ठाऊक आहे. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. खजूर, फळे न्यावीत. डबा रिकामा परत न करण्याची रीत दोन्हीकडे आहे, दिवाळीत त्यातूनच चकल्या येतात. शक्यतो डबा मुलांच्या हाती द्यावा. वरच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात, त्यांना दूध कोण आणून देते, हे त्यांनाही कळू द्या. जाताना फोन घरीच ठेवावा. आजींच्या गोष्टी लांबतात.