अपील पडून, वसुली मात्र तातडीची!

कर भरणे हे नागरिकाचे कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. परंतु कर किती, हाच जेथे वादाचा विषय आहे आणि तो वाद प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे पडून आहे, तेथे निकालापूर्वीच खात्याने करदात्याच्या बँकेतून परस्पर रक्कम उचलावी काय? हा प्रश्न केवळ बड्या कंपन्यांचा नव्हे. लहान कारखानदार, पेढीवाले व डॉक्टर यांनाही तो तितकाच भेडसावतो.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने न्यायाधिकरणास वसुली थांबविण्याचा अधिकार प्रारंभी स्पष्ट शब्दांत दिला नव्हता. तथापि अपील ऐकण्याच्या अधिकारातच स्थगितीचा अधिकार अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद कुन्ही प्रकरणात १९६८ साली सांगितले. पुढे संसदेने स्थगितीस ३६५ दिवसांची मर्यादा घातली. आणि २००८ साली तर, विलंबाचा दोष करदात्याकडे नसला तरीही ती मुदतीअंती संपेल, असे ठरविले. म्हणजे विलंब न्यायाधिकरणाचा वा खात्याचा, आणि शिक्षा मात्र करदात्यास! साहजिकच लोकांना उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली ही तरतूद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली, आणि ६ एप्रिल २०२१ रोजी पेप्सी फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हा निर्णय सर्वथा न्याय्य आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र याची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. स्थगिती मिळवावयाची आणि मग तारखांवर तारखा मागून सरकारी तिजोरीस झुलवीत ठेवावयाचे, ही युक्तीही अपरिचित नाही. करवसुलीस सरसकट मनाई देण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच डनलॉप प्रकरणात कडक ताशेरे ओढले होते. २०२० च्या वित्त कायद्याने वादग्रस्त रकमेच्या किमान २० टक्के भरणा अथवा तितक्या रकमेचे तारण, ही स्थगितीची अट घातली, ती याच अनुभवातून. पण वीस टक्क्यांचा हा एकच गज प्रत्येकास लावला, तर उघडउघड अवास्तव आकारणीचा बळी ठरलेला मनुष्य आणि निव्वळ चालढकल करणारा मनुष्य, दोघेही एकाच मापाने मोजले जातात. शिवाय १९६१ च्या कायद्याने थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज आकारले, तर परताव्यावर करदात्यास अर्धाच टक्का देऊ केला. हा न्याय कोणता?

खरा उपाय स्थगितीत नाही, त्वरित निकालात आहे. न्यायाधिकरणातील रिक्त जागा वेळीच भराव्यात, स्थगिती दिलेली अपिले अग्रक्रमाने ऐकावीत, आणि विलंब ज्याच्याकडून होईल त्याच्यावरच त्याचा भार टाकावा. एवढे झाले तर उच्च न्यायालयांचे दार ठोठावण्याची पाळी क्वचितच येईल. सरकारला आपल्या आकारणीविषयी खात्री असेल, तर शीघ्र निकालाचे भय त्याने का बाळगावे?