आधी अर्ज, मग व्हिडिओ : पेटंट कसं मिळतं आणि कसं हातचं जातं?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनानंतर माझ्या एका विद्यार्थ्याचे मोठे भाऊ मला भेटायला आले. येरवड्यात त्यांच्या घरची बेकरी आहे. खारीचं लाटलेलं पीठ कापताना कडा दबतात आणि पापुद्रे नीट सुटत नाहीत, म्हणून त्यांनी हाताने चालणारं एक कटर स्वतः बनवलं होतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. पाती कशी बसवली, स्प्रिंग कुठे लावली, सगळं उघडून समजावलेलं.

"सर, आमचा मावसभाऊ जर्मनीत असतो. तो म्हणतो, याचं तिकडे पेटंट घे. कसं घ्यायचं?"

मी विचारलं, "हा व्हिडिओ कुठे टाकलाय?"

"यूट्यूबवर, सर. आठ महिने झाले. माशाअल्लाह, बऱ्याच लोकांनी पाहिला."

गाडी तिथेच अडली. का अडली, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं, म्हणून हा लेख. आपल्या वस्त्यांमध्ये डोकेबाज कारागीर काही कमी नाहीत. गॅरेज, फॅब्रिकेशन, शिलाई, बेकरी, जिथे जाल तिथे कुणीतरी काहीतरी जुगाड केलेलं असतंच. कमी पडते ती कायद्याची माहिती.

पेटंट म्हणजे काय?

सरकारी मराठीत याला 'एकस्व' म्हणतात. हा सरकार आणि शोध लावणारा यांच्यातला एक सौदा आहे. तुम्ही तुमचा शोध कागदावर पूर्ण उघड करायचा. त्या बदल्यात सरकार तुम्हाला अर्जाच्या तारखेपासून जास्तीत जास्त २० वर्षं हक्क देतं की तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी ती वस्तू बनवायची किंवा विकायची नाही. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा. मधल्या काळात ठरलेली फी भरत राहावी लागते, नाहीतर हक्क आधीच संपतो.

पेटंट मिळायला तीन मुख्य अटी आहेत. एक, शोध नवा हवा. दोन, त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचला असता असा तो नको. तीन, तो उद्योगात वापरता यायला हवा. आणि पेटंट त्या त्या देशापुरतंच असतं. भारताचं पेटंट जर्मनीत चालत नाही, जर्मनीचं इथे चालत नाही.

जर्मनीत दोन दरवाजे

जर्मनीत हक्क हवा असेल तर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही म्युनिक शहरात जातात. पहिला, जर्मनीचं स्वतःचं पेटंट कार्यालय. दुसरा, युरोपीय पेटंट कार्यालय. हे १९७३ च्या करारातून उभं राहिलं आणि आज त्यात ३९ देश आहेत. इथे इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच या तीन भाषांत काम चालतं. एकच अर्ज, एकच तपासणी. पेटंट मंजूर झालं की ज्या ज्या देशांत ते हवं तिथे लागू करून घ्यायचं. जून २०२३ पासून बऱ्याच देशांना मिळून एकच पेटंट घेण्याची सोयही झाली आहे.

पेटंट मंजूर झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत कुणीही त्याला विरोध करू शकतं. 'हे नवं नाही' एवढं पुराव्याने दाखवलं, तरी पेटंट रद्द होऊ शकतं.

आता आमच्या बेकरीवाल्या भावाची अडचण. युरोपात 'नवं' याचा अर्थ फार कडक आहे. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, लिहून, बोलून किंवा वापरून लोकांसमोर आली असेल तर ती नवी राहत नाही. मग ती खुद्द शोध लावणाऱ्याने का दाखवली असेना! जर्मनीत यंत्रांसाठी १० वर्षांचा एक छोटा हक्कही मिळतो. त्यात स्वतःच उघड केलेल्या शोधाला सहा महिन्यांची सवलत असते. पण इथे आठ महिने उलटून गेले होते.

पुणे-सांगलीची शेतं आणि म्युनिकचा निकाल

हाच कडक नियम एकदा आपल्या बाजूने उभा राहिला होता. आमच्या शाळेजवळ कडुलिंबाचं झाड आहे. मुलांना ही गोष्ट मी त्याच झाडाखाली सांगतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना एक पेटंट दिलं. विषय होता, कडुलिंबाच्या बियांचं तेल वापरून पिकांवरची बुरशी रोखायची पद्धत. ज्या झाडाची पानं आपल्या आजीने धान्याच्या डब्यात ठेवली, त्याच्यावर ही मोहर! त्या झाडाचं शास्त्रीय नाव 'आझादिराख्ता' हे फारसीतल्या 'आज़ाद दरख़्त'वरून आलं आहे. आझाद झाड! उर्दूच्या तासाला मी हे सांगितलं की मुलं हसतात.

१९९५ मध्ये विरोध दाखल झाला. त्यात वंदना शिवा यांची संस्था होती, युरोपीय संसदेतला ग्रीन गट होता आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची जागतिक संघटना होती. पण 'आमच्याकडे हे पूर्वीपासून चालतं' एवढं बोलून कुणी ऐकत नाही. कधी, कुठे, कुणासमोर, हे दाखवावं लागतं. तसा पुरावा आला तो आपल्या महाराष्ट्रातून. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समोर कडुलिंबाच्या अर्काचे प्रयोग झाले होते. पेटंटचा मूळ अर्ज त्यानंतरचा, १९८९ चा. १० मे २००० रोजी म्युनिकमध्ये पेटंट रद्द झालं. पेटंटवाल्यांनी अपील केलं, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.

म्हणजे आपल्या शेतात लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं, ते म्युनिकमध्ये पुरावा म्हणून उभं राहिलं. हीच तलवार दुधारी आहे. लोकांसमोर आलेली गोष्ट परदेशी कंपनी बळकावू शकत नाही. पण लोकांसमोर आलेली गोष्ट तुम्हालाही स्वतःच्या नावावर करता येत नाही.

हळद, हकीम आणि उर्दू किताबं

अशीच गोष्ट हळदीची. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते. त्याआधी ते आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पुराव्यात संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दू मजकूरही जोडला होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

या अनुभवातून सरकारने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू केलं. आयुर्वेद आणि सिद्ध यांच्याबरोबर युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथ त्यात आले आणि त्यांतले नुस्खे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी भाषांत मांडले गेले. फेब्रुवारी २००९ पासून युरोपीय कार्यालयाचे तपासनीसही ते पाहू शकतात. हकीमसाहेबांच्या किताबाचं मोल आता कळलं ना?

त्यामुळे 'आमच्या खानदानी चूर्णाचं पेटंट मिळेल का?' याचंही उत्तर इथेच आहे. भारतीय कायद्याच्या कलम ३ नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. नावाचा ट्रेडमार्क मात्र घेता येतो.

मग आपण काय करायचं?

१. अर्ज होईपर्यंत तोंड बंद, मोबाइल खिशात. व्हिडिओ नाही, स्टेटस नाही, ग्राहकांना विक्री नाही. कुणाला दाखवणं भागच असेल तर आधी गुप्ततेचा लेखी करार करा.

२. प्रदर्शनाआधी अर्ज. भारतात प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच. शाळेचं साधं प्रदर्शन तिच्या भरवशावर सोडू नका.

३. शोध अर्धवट असला तरी तात्पुरता अर्ज करता येतो. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईला आहे, अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्तीसाठी अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. वकिलाचा खर्च वेगळा. भरण्याआधी पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर चालू दर बघून घ्या.

४. तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावाच लागतो. परदेशात जायचं असेल तर त्याच १२ महिन्यांत पाऊल टाका. म्हणजे तिथेही तुमची भारतातली पहिली तारीख धरली जाते.

५. परदेशाचा खर्च लाखांत जातो. माल तिथे खरोखर विकणार असाल तरच जा. 'जागतिक पेटंट' काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. असं पेटंट जगात नाही.

बेकरीवाल्या भावाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझी चीज मीच वाटून टाकली." मी म्हटलं, जे दाखवलं ते गेलं. पण पुढे काही खरोखर नवी सुधारणा सुचली तर तिचा अर्ज करता येईल.

परवा त्यांच्या दुकानावर गेलो होतो. आतल्या खोलीत काहीतरी ठोकाठोक चालू होती. मी डोकावणार, तेवढ्यात त्यांनी हसत पडदा ओढला. "सर, अर्ज होऊ द्या, मग दाखवतो."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.