सोने गेले, सरकार सुटले

खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून माणूस दगावला तर वारसांना 6 लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख. मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2025 च्या या आदेशातील आकड्यांवर भरपूर चर्चा झाली. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. सरकारी यंत्रणेच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले तर भरपाई मिळेल, असे सरळ सांगणारा कायदा या देशात अजून का नाही? न्यायालयाला हे काम अंगावर का घ्यावे लागते?

याचे उत्तर मेरठच्या एका जुन्या प्रकरणात आहे. 20 सप्टेंबर 1947. अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार रलिया राम सोने-चांदी विकायला मेरठला आले होते. मध्यरात्रीच्या सुमारास चौपला बाजारातून जाताना तीन शिपायांनी त्यांना हटकले, ठाण्यात नेले, कोठडीत टाकले आणि जवळचा माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. पुढे चांदी परत मिळाली, पण 103 तोळ्यांहून अधिक सोने गेले ते गेलेच. ते ज्याच्या ताब्यात होते तो हेड कॉन्स्टेबल सोन्यासकट पाकिस्तानात पळाला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. ‘कस्तुरीलाल’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला 1964 साल उजाडले. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. साताऱ्यात जन्मलेला, कामगारांच्या बाजूने कायद्याचा अर्थ लावणारा न्यायाधीश अशी त्यांची ख्याती. पोलिसांचा निष्काळजीपणा त्यांनी मान्य केला. पण अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे, त्यात नोकराकडून चूक झाली तरी सरकारवर दावा चालणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. तो देताना त्यांना समाधान नव्हते, हे निकालातच दिसते. इंग्लंडने 1947 मध्ये कायदा करून राजसत्तेचे हे कवच काढून टाकले, तसा कायदा आपल्या विधिमंडळांनीही करावा, असे त्यांनी लिहून ठेवले.

या निकालाचा आधार त्याहून जुना होता. कलकत्त्याजवळच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार बोटीच्या धुराड्याचा लोखंडी भाग वाहून नेत होते. तो खाली आदळला, आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने 350 रुपये मागितले. 1861 मध्ये न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, कारण गोदी चालवणे हे कोणाही खासगी व्यापाऱ्याला करता येण्याजोगे काम. म्हणजे परक्या राजवटीत घोड्याला न्याय मिळाला आणि त्याच निकालातील ‘सार्वभौम काम’ हा भेद पुढे करून स्वतंत्र देशाच्या नागरिकाला रिकाम्या हाताने परत पाठवले गेले. ‘कस्तुरीलाल’चा निकाल चुकीचा होता, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

इंग्रज कायदेपंडित डायसी यांनी 1885 मध्ये मांडले होते की, पंतप्रधानापासून शिपायापर्यंत प्रत्येक जण आपल्या बेकायदा कृत्यासाठी सामान्य माणसाइतकाच जबाबदार असतो. तत्त्व उदात्त आहे. पण शिपाई पाकिस्तानात पोहोचल्यावर रलिया रामांनी ते घेऊन काय करायचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवून तिला लाल फडके बांधले होते. ते बांधले जाण्याच्या आदल्या रात्रीच शेजारच्या काकूंचे मनगट तिथे मोडले. प्लॅस्टर घातलेला हात घेऊन त्या चौकशीला गेल्या. एका कार्यालयाने रस्ता दुसऱ्याचा असल्याचे सांगितले, दुसऱ्याने ठेकेदाराकडे बोट दाखवले. ‘अरे, पण अर्ज कोणाच्या नावे लिहू ते तरी सांगा,’ एवढेच त्या विचारत होत्या.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने निदान याचे उत्तर दिले. आधी यंत्रणेने पैसे द्यायचे, मग दोषी अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे. क्रम अगदी योग्य आहे. खटकते ते एवढेच की, महापालिका क्षेत्रात भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांबरोबर खुद्द आयुक्त बसतात. ज्यांच्या रस्त्यावर माणूस पडला, त्यांनाच निवाड्याला बसवणे मला पटत नाही.

न्यायालयांनी मधल्या काळात वाट काढली, हे खरे. निर्दोष सुटूनही 14 वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदल साहला 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एकूण 35 हजार रुपये देवविले. 1993 मध्ये ओडिशातील कोठडी मृत्यूत आईला दीड लाख मिळाले. 2000 मध्ये तर ‘कस्तुरीलाल’ची मातब्बरी उरलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयच म्हणाले. पण अशा भरपाईसाठी आधी रिट याचिका हवी, वकील हवा, आणि रक्कम किती हे त्या त्या न्यायालयाने ठरवायचे. काकूंच्या मनगटासाठी कोण उच्च न्यायालयात जाणार?

विधी आयोगाचा पहिलाच अहवाल, 1956 चा, याच विषयावर होता. 1965 आणि 1967 मध्ये लोकसभेत विधेयके आली आणि बारगळली. गजेंद्रगडकर स्वतः 1971 मध्ये विधी आयोगाचे अध्यक्ष झाले, तरी कायदा झाला नाही. संविधानाच्या कलम 300 ने संसदेला तो करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून दिली आहे.

तोवर खड्ड्याचा फोटो, पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवा आणि समितीकडे अर्ज करा. खासदार मत मागायला दारी येतील, तेव्हा कलम 300 खालचा कायदा कधी आणणार, हे त्यांना विचारा.