शंभराचा पिवळा दिवा

इस्त्रीच्या थर्मोस्टॅटवर लिहिणं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. डोंबिवली पूर्वेहून एका वाचक बाईंनी विचारलंय: इस्त्री लावली की एमसीबी पडतो, कॉर्ड बदलली तरी पडतो, मग दोष शोधायचा कसा? दर वेळी घरात अंधार करून?

नाही. त्यासाठी सिरीज बोर्ड असतो, आणि त्याच्यावर लिहायला मी निमित्तच शोधत होतो.

ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर तो दिसतो. एक फळी, तिच्यावर एक होल्डर, एक सॉकेट, होल्डरात शंभर वॅटचा जुना, तारेचा पिवळा दिवा. फेजची वायर आधी दिव्यातून जाते, मग सॉकेटला. शॉर्ट झालेली वस्तू लावली, की सगळे २३० व्होल्ट दिव्यावर येतात. तो लख्ख पेटतो, आणि पहिला क्षण सोडला तर ०.४३ अँपिअरच्या वर करंट जातच नाही. एमसीबी जागचा हलत नाही. दिवा पेटलाच नाही, तर कॉर्ड, स्विच किंवा कॉइल, कुठेतरी तुटलंय. छताचा पंखा चांगला असेल तर दिवा मंद पेटतो.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणकडच्या घरांत शिरलं. अशा पुरात भिजलेल्या मोटरी वाळवल्या, तरी त्या थेट मेनवर लावायच्या नसतात. आधी या दिव्याला दाखवायच्या.

इस्त्री मात्र याला फसवते. ७५० वॅटच्या कॉइलचा रोध जेमतेम ७० ओहम, पेटलेल्या दिव्याचा ५२९. त्यामुळे धडधाकट इस्त्रीवरही दिवा जवळजवळ पुरताच पेटतो, आणि शॉर्ट ओळखू येत नाही. म्हणून बाईंच्या दुरुस्तीवाल्याने इस्त्री सॉकेटला न लावता बोर्डाची एक वायर प्लगच्या फेज पिनेला आणि दुसरी अर्थिंगच्या जाड पिनेला जोडावी, इस्त्रीचा नॉब चालूकडे फिरवावा, आणि मगच बोर्ड चालू करावा. त्या वेळी इस्त्रीला कुणी हात लावायचा नाही. दिवा पेटला तर कॉइल बॉडीला लागली आहे. कॉर्ड कितीही बदला, उपयोग नाही. कॉइलच बदलायला हवी.

पेटला नाही तर इस्त्री निर्दोष, असं मात्र धरून चालू नका. हे मी दुरुस्तीवाल्यांनाही बजावत असतो. दिवा डोळ्याला दिसण्याइतका लाल व्हायला बराच करंट लागतो. ३० मिलिअँपिअरला तो काळाच राहतो, आणि तेवढा करंट माणसाला पुरेसा घातक आहे. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी ती याचसाठी. अशी हलकी गळती इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरवर कळते.

आता दिव्याचाच दुष्काळ. २०१५ मध्ये उजाला योजना आली, घरोघरी एलईडी लागले. एलईडीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो. सिरीजमध्ये तो लुकलुकतो, आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. पिवळा दिवा मुंबईच्या लोहार चाळीत विचारावा. नाहीतर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे, कारण पिल्लांना उबेसाठी अजून तोच लावतात. मिळाला तर दोन घ्या, आणि दोनशे वॅटचा दिसला तर तोही. मिक्सरच्या मोटरला शंभराचा दिवा तोकडा पडतो.