अर्ध्यावरची कादंबरी

वाचणारी दोन माणसं भेटली की ख्यालीखुशाली आटोपल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो, सध्या काय वाचताय? उत्तरात बहुतेक जण पूर्वी वाचून संपवलेल्या, मनात पक्क्या बसलेल्या पुस्तकाचं नाव सांगतात. 'मृत्युंजय' म्हणतात, 'ययाति' म्हणतात. मला मात्र उशाशी पालथी पडलेली, निम्मीच वाचून झालेली कादंबरी जाणून घ्यायची असते. संपलेल्या कादंबरीवर माणूस मत देतो. अर्ध्यावरच्या कादंबरीविषयी बोलताना त्याच्या तोंडून शंका, राग, काळजी असं काहीबाही येतं. मत हळूहळू घासूनपुसून नीटनेटकं होतं, पण ती काळजी अस्सल असते.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात तर सगळा वाचकवर्गच एका वेळी अर्ध्यावर असे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढे येऊ लागली. कादंबरीची नायिका यमू स्वतःची हकिकत स्वतःच सांगते आहे. लहानपण, लग्न, मग नवऱ्याबरोबर मुंबईत काढलेले मोकळे, सुखाचे दिवस. ते दिवस वाचणाऱ्याला पुढची पानं उलटायची सोयच नव्हती, कारण ती छापून यायची होती. अंक घरात आला की एकानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही त्या काळातली सर्रास रीत. त्यामुळे यमूचं पुढे काय होणार, ही विवंचना एकट्याची राहत नसे. पुढे विधवा झालेल्या यमूच्या वाट्याला येणाऱ्या केशवपनावर व्याख्यानं देऊन जे साधलं नसतं, ते या एकत्र वाट पाहण्यानं काही घरांत तरी साधलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

आता कादंबरी अखंड हातात येते आणि वाचणारे वेगवेगळ्या पानांवर असतात. त्यातही गंमत आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. आजही कुणी तरुण वाचक ती वाचत असला की मी आधी विचारते, कुठपर्यंत आलास? पुण्यातल्या कॉलेजच्या, मेसच्या आणि वसतिगृहाच्या भागात असलेला मुलगा हसत हसत सांगत असतो. नायकाची धाकटी बहीण मनी गेल्यानंतरच्या पानांवर आलेला मुलगा फारसं बोलत नाही. एकच कादंबरी, पण दोघांशी वेगळं बोलावं लागतं. मनीच्या मृत्यूविषयी पहिल्याला अवाक्षरही सांगू नये, एवढं पथ्य मी पाळते.

सगळ्याच कादंबऱ्यांना हे पथ्य लागत नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' उघडणाऱ्याला 14 जानेवारी 1761 रोजी काय झालं ते शाळेपासून ठाऊक असतं. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त माधवराव अल्पायुषी आहेत, हेही माहीत असतं. तरी लोक या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचतात आणि दर वेळी शेवट टळावा म्हणून मनात धडपडतात.

वाचताना बोलत राहण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे. जी. ए. धारवाडला, सभा-समारंभांपासून कटाक्षानं दूर. सुनीताबाई पुण्या-मुंबईत. दोघांच्या पत्रांत पुस्तकांना मानाची जागा आहे. सुनीताबाईंची पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत आणि जी. एं.ची त्यांच्या निवडक पत्रांच्या खंडांत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर दोन चोखंदळ वाचक एकमेकांना किती गंभीरपणे घेतात ते दिसतं. याच जी. एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा मराठीत आणल्या. आवडलेलं दुसऱ्याला देण्याची ही सगळ्यात कष्टाची तऱ्हा.

त्याहून घरगुती आणि मला फार प्रिय असलेली गोष्ट उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णी या दांपत्याची. विरूपाक्ष कन्नड मजकूर मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करत आणि उमाताई तो ऐकत ऐकत मराठीत उतरवत. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' या कादंबऱ्या मराठी घरांत अशा आल्या. एका खोलीत कुणीतरी आपल्या माणसाला कादंबरी वाचून दाखवली आणि तिच्यामुळे हजारो मराठी वाचकांना भैरप्पा आपलेच वाटू लागले. 'पर्व'मधली कुंती किंवा द्रौपदी आमच्या पिढीच्या बोलण्यात आली, ती या वाचून दाखवण्यातून.

कादंबरी हाती लागण्यासाठी आपल्याकडे वाचनालयं पूर्वापार आहेत. पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा 1848 पर्यंत मागे जाते, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. पण जिथे वाचनालय जवळ नाही, तिथल्या वाचकांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना मला विशेष मोलाची वाटते. 100 पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. या पेट्या दुबईच्या मराठी मंडळींपर्यंतही गेल्या आहेत. पेटी सोसायटीत कुणाच्या तरी घरी असते. पुस्तक बदलायला गेलेला माणूस चहाला थांबतो आणि चहाबरोबर पुस्तकाचा विषय निघतोच.

आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची, असा नियम केला नाही. ज्यानं त्यानं आपली वाचावी आणि जिथवर आला असेल तिथवर सांगावं. याचा फायदा अनपेक्षित असतो. एका काकांनी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घेतली होती. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस आणि मागे रानात राहिलेली म्हैस यांच्याविषयी ते सांगत होते. ते ऐकून एक ताई म्हणाल्या, मग विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचा. तीही धरणग्रस्तांचीच, पण 1991 सालची. 'झाडाझडती'ला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार, 'रिंगाण'ला 2023 चा. मधल्या तीन दशकांत तोच प्रश्न मराठी कादंबरीला पुन्हा लिहावा लागला, हे दोघांच्या बोलण्यातून सगळ्यांना जाणवलं. काकांनी पुढच्या आठवड्यात 'झाडाझडती' घरी नेली.

कट्ट्यावर 'सोडून दिली' म्हणायलाही मुभा हवी. नाव मोठं म्हणून ओढत नेलेली कादंबरी वाचकाचा उत्साह मारते. कुठल्या पानावर आणि कशानं सुटली, एवढं मात्र सांगावं. पुष्कळदा दुसरा कुणी म्हणतो, आणखी चाळीस पानं धीर धरा, आणि सुटलेली कादंबरी पुन्हा हातात येते. नेमाड्यांच्या 'हिंदू'सारख्या भल्यामोठ्या पुस्तकाला तर असा सोबती फार लागतो.

मी सध्या उद्धव शेळक्यांची 'धग' वाचते आहे. 1960 सालची कादंबरी. शिंपीकाम करणारं गरीब कुटुंब, कर्तेपण न पेलणारा महादेव आणि एकटीच्या बळावर संसार रेटणारी कौतिक. निम्म्यावर आले आहे आणि महादेवाचा राग येतो आहे. पुढे तो राग टिकेल की नाही, सांगता येत नाही. संवाद वऱ्हाडी आहेत आणि मनातल्या मनात वाचताना त्यांचा ठेका मला नीट धरता येत नाही. कट्ट्यावर अमरावतीकडच्या एक काकू येतात. येत्या रविवारी कौतिकचे संवाद त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे, असं ठरलं आहे.