सायकलची साखळी अडते तेव्हा

सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन. तुर्भ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा कामगार असो, नाहीतर नेरूळच्या इमारतींतून पाव नि अंडी विकणारा असो, सायकल बंद पडली की त्याची रोजी बुडाली. टायर पंक्चर झाला तर लगेच कळतं. साखळीचं दुखणं मात्र हळूहळू येतं, म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो.

(दुकानात तिला चेन म्हणतात. आम्ही इथे साखळी म्हणतो. वस्तू एकच.)

पायडल मारताना पायाला 'टक्' असा झटका बसतो का? बसत असेल तर फेऱ्या मोजा. साखळीची एक फेरी पुरी व्हायला पायडलच्या साधारण दोन ते अडीच फेऱ्या लागतात. तेवढ्या अंतराने झटका येत असेल, तर साखळीतली एखादी कडी आखडली आहे असे समजावे. पायडलच्या प्रत्येक फेरीला झटका येत असेल, तर दोष साखळीत नाही. तो पायडलमध्ये किंवा पुढच्या दातेरी चाकात शोधावा. ही खूण ठाऊक असली म्हणजे उगाच नवी साखळी विकत घ्यावी लागत नाही.

आखडलेली कडी दातांवर नीट बसत नाही. उठून जोर लावताना साखळी दातावरून उडाली, तर पाय एकदम खाली जातो आणि माणूस तोंडावर पडतो. शीव-पनवेल रस्त्यावर मागून मालाचे ट्रक येत असतात. तिथे असे पडणे जिवावर बेतेल.

आता साखळीची बनावट पाहू. दोन बाजूंना पोलादी पाती, मध्ये खिळा. खिळ्याभोवती बारीक नळी आणि नळीवर फिरणारा रूळ. ही बनावट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडात मँचेस्टर येथे काढली, ती आजही चालू आहे. कडी वाकते ती खिळा नळीत फिरतो म्हणून. तेव्हा तेल हवे ते तिथे, आत. पुष्कळांची साखळी बाहेरून काळीकुट्ट नि आतून कोरडी ठणठणीत असते!

नवी मुंबईत गंज लवकर चढतो. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पनवेलची. हवेत ओल आणि खार. पाण्यात मीठ असले म्हणजे लोखंड भराभर गंजते. त्यात चार महिने पाऊस. गंज खिळा आणि नळी यांच्या फटीत भरला की कडी वाकेनाशी होते.

अडलेली कडी कशी ओळखावी? सायकल स्टँडवर लावा. साखळीवर झाकण असेल तर ते काढा. पायडल हळूहळू उलटे फिरवा. मागच्या लहान दातेरी चाकावरून साखळी जिथे खाली सुटते, तिथे नजर ठेवा. चांगली कडी सुटताच सरळ होते. अडलेली कडी वाकलेलीच राहते. तिला खडूने खूण करा.

मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ती कडी घासा. हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे. विडी तर नकोच. रॉकेल वाळू द्या. त्यानंतर कडीच्या दोन्ही बाजूंनी साखळी धरा, अंगठे खिळ्यापाशी टेका आणि ती आडवी, म्हणजे एरवी ज्या दिशेला वाकत नाही त्या दिशेला, हलकेच इकडे-तिकडे वाकवा. जोर बेताचाच लावा. पाती थोडी सैल होतात नि कडी मोकळी होते. मग तेलाचा एक थेंब खिळ्याच्या कडेला सोडा आणि कडी वर-खाली हलवा. पाते वाकले असेल, चिरले असेल किंवा खिळा एका बाजूला बाहेर आला असेल, तर ठोकाठोक न करता मिस्त्रीकडे जावे. तिथे साखळी जोडताना लॉककडे लक्ष द्या. लॉकचे बंद टोक साखळी पळते त्या दिशेला हवे, फट मागे हवी.

तेल मशीनचे घ्यावे. खोबरेल थंडीत थिजते, गोडेतेल काही दिवसांनी चिकट होते. प्रत्येक रुळावर एकेक थेंब पुरतो. रात्री तेल द्या, सकाळी बाहेरचे तेल फडक्याने पुसा, नाहीतर धूळ बसते. पुसताना फडके साखळीच्या खालच्या बाजूला, दातांपासून लांब धरा. बोट दातात सापडले तर तुटते.

साखळी झिजली की नाही, हे फूटपट्टीने कळते. नव्या साखळीच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. तेच अंतर १२ इंच १ सूत भरले, की साखळी बदलावी. फार ताणलेली साखळीही जड चालते. मधोमध बोटाने दाबल्यास ती अर्धा ते पाऊण इंच हलायला हवी.

पावसाळ्यात घरी आल्यावर साखळी त्याच संध्याकाळी कोरडी पुसावी आणि आठवड्यातून एकदा तेल द्यावे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दिले तरी भागते.