खाडीकाठचा किल्ला, सहा बाय चार फुटांत

दिवाळीची सुट्टी लागली की डहाणूतही अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा जमतात. त्यांवर भिजवलेलं गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा हात, चिखलात अळीव नाहीतर मोहरी, आणि शेवटी बुरुजांवर रंगीत मावळे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो मोडतो. या किल्ल्यामागचं कौशल्य एवढ्या लवकर मातीत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. थोडे फेरफार केले तर त्याच हातांनी, जवळजवळ त्याच सामानातून, वर्षभर खेळता येईल असं रणांगण उभं राहतं.

छोट्या सैनिकांचा युद्धखेळ जगभर खेळला जातो. दोन खेळाडू, दोन फौजा, चाल मोजायला टेप, गोळीबाराचा निकाल लावायला फासे. मात्र डावाला खरी रंगत आणते ती जमीन. टेकडीआडचा सैनिक दिसत नाही, दलदलीत चाल निम्मी होते, भिंतीमागच्याला गोळी सहज लागत नाही. प्रशियात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1812 साली राजासाठी असा खेळ मांडला, तेव्हा डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारे प्लास्टरचे सुटे चौकोन त्याने बनवून घेतले होते. ते हवे तसे जुळवले की नवा प्रदेश तयार. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक लिहिलं. त्याच्या खेळाची सुरुवात तर गालिच्यावर ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मांडून झाली. म्हणजे आज संध्याकाळी पुस्तकांवर जुनी चादर पसरलीत, तरी टेकड्या तयार आहेत.

पण आपल्या घराजवळ इतका इतिहास असताना नुसत्या चादरीवर कशाला थांबायचं?

डहाणू तालुक्यात गंभीरगड आहे, सेगवाह आहे. तलासरीत बल्लाळगड आहे. मन आधी गंभीरगडाकडे धावतं. तिथे हिशोब आडवा येतो. युद्धखेळातला नेहमीचा सैनिक 28 मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या माणसाच्या उंचीचा साधारण साठावा भाग. गंभीरगड सुमारे सव्वादोन हजार फूट उंच. त्याच मापात तो केला तर सदतीस फूट होईल! म्हणून अख्खा डोंगर करायला जाऊ नये. एखादी सोंड, एखादी वाट, दरवाजासमोरचा तुकडा एवढंच घ्यावं. उतारही तिरका ठेवू नये, सैनिक घसरून पडतात. इंचभर जाडीचे थर पायऱ्यांसारखे चढवावेत आणि प्रत्येक पायरी सैनिक सुखाने उभा राहील इतकी रुंद ठेवावी. दिवाळीच्या किल्ल्यात नेमकी हीच गोष्ट राहून जाते. तो बघायला देखणा असतो, पण मावळा चिखलात रोवल्याशिवाय उभा राहत नाही.

माझी निवड डहाणूचाच किल्ला. पोर्तुगीज अमलातलं हे खाडीकाठचं ठाणं 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आलं. त्याच मोहिमेत दक्षिणेला तारापूरच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव पडले. डहाणूच्या किल्ल्याला डोंगर नाही, त्यामुळे माप आटोक्यात राहतं. शिवाय इथे खाडी आहे. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतली तफावत मुंबईपेक्षा मोठी. ती डावात आणता येते, आणि फार सुंदर आणता येते. खाडीचे दोन संच करायचे: एक भरतीचा, काठोकाठ पाण्याचा, दुसरा ओहोटीचा, मधे बारीक धार आणि दोन्हीकडे चिखल. दोन्हींची बाहेरची कड अगदी सारखी हवी. ठरावीक फेऱ्यांनी संच बदलायचा. भरतीत होडी थेट तटाखाली लागते. ओहोटीत ती रुतते, पण पायदळाला अर्ध्या चालीने चिखल ओलांडता येतो. चढाई कधी करायची हे मग पाणी ठरवतं.

खाडीचे हे तुकडे जाड पुठ्ठ्याचे. एकाच बाजूने रंगवला तर पुठ्ठा वाकतो, म्हणून मागूनही रंगाचा हात द्यावा. पाण्याला हिरवट-करडा रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर वॉर्निशचे तीन-चार पातळ हात. चिखलासाठी फेविकॉल, लाकडाचा भुसा आणि माती एकत्र कालवावी. किनाऱ्याची वाळू सरळ चिकटवू नये. तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि रंगाचे पोपडे निघतात. बांधकामावरची उरलेली मूठभर वाळू चाळून घ्यावी.

तटासाठी फळवाल्याकडची रिकामी खोकी पुरतात. उंची सैनिकाच्या दुप्पट, वर त्याच्या छातीइतका कठडा, आणि मागची चालण्याची वाट सैनिक ठेवताना बोटं आत जातील एवढी रुंद. अंड्यांच्या ट्रेचे वेडेवाकडे तुकडे चिकटवले की दगडी बांधकाम दिसतं. आधी गडद करडा रंग, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा वरवर ओढायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. सगळी जादू या एका कृतीत आहे.

घरं मात्र इथलीच हवीत. कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेली कुडाची भिंत या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. खराट्याचे हीर ओळीने चिकटवून त्यांवर पातळ माती फासली, वर गेरूचा हात आणि छपराला पेंढा लावला, की घर तयार. मातीत थोडं भाताचं तूस मिसळलं तर भेगा कमी पडतात. कौलारू छप्पर हवं असेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलावा, आतल्या पन्हळी उघड्या पडतात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या वाळक्या काड्या तिवरांच्या मुळांसाठी चालतात आणि नारळाचा काथ्या पिंजला की झुडुपं होतात.

उंचवट्यांच्या थरांसाठी थर्माकोल हलका, पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. विकत आणायचं कारणच नाही. टीव्हीच्या खोक्यातून आलेला घरात पडून असेल तर तोच वापरावा. तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर अपायकारक असतो. मुलांनी धारदार पात्याने, मोठ्यांच्या देखत कापावा. त्याला स्प्रेचा रंग लावू नये, थर्माकोल विरघळतो. आधी फेविकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर द्यावेत. घरच्या पिठाच्या खळीवर झुरळं येतात आणि बुरशीही धरते, त्यामुळे इथल्या दमट हवेत ती टाळलेली बरी.

पहिल्या डावाला किल्ला सहा बाय चार फुटांच्या टेबलाच्या एका टोकाला ठेवा. तटावर बारा सैनिक, समोर तीस, दोन शिड्या आणि एक होडी. सुरुवात भरतीने करा. चार फेऱ्यांनी ओहोटीचा संच लावा आणि होडी कुठे अडकली ते पाहा.